काचेवरचे ठिपके

रघूत्तमानं सिंगापूरहून आणलेलं होम थिएटर कुंभकोणमच्या घरात दोन वर्षं विनातक्रार चाललं. बिघडला तो त्याचा रिमोट, १९९८च्या पावसाळ्यात, म्हणजे इकडच्या हिशेबानं नोव्हेंबरात.

हा रिमोट साधा नव्हता. त्याला बटणं नव्हती. तळहाताएवढी काच होती, तिच्यावर चौकोन उमटत आणि चौकोनावर बोट दाबलं की काम होई. सीडी लावणं, थांबवणं, आवाज वाढवणं, कमी करणं, सगळं रघूत्तमानं त्या एका काचेवर आणून ठेवलं होतं. वडिलांना उठावं लागू नये, एवढाच त्याचा हेतू.

वडील नरसिंहराव तमिळ मुलुखातल्या जुन्या मराठी घराण्यातले, आडुतुरैच्या भात संशोधन केंद्रातून निवृत्त झालेले. दाणा तळहातावर घेऊन वाण सांगणारा माणूस, अशी तिथं त्यांची ओळख होती. पुढं काचबिंदूनं नजर कडेकडून आत सरकत गेली. मदुराईच्या डॉक्टरांनी औषध दिलं आणि गेलेली नजर परत येणार नाही हेही सांगितलं. घरी आल्यावर नरसिंहरावांनी तो विषय काढला नाही. त्यांची बायको वेदवती हिनंही काढला नाही. सकाळी ते पेपर हातात धरून बसत. ती शेजारी भाजी निवडताना, मला ऐकायला बरं वाटतं असं सांगून, मथळे मोठ्यानं वाचे.

संध्याकाळी ते वीणेची सीडी ऐकत. एकदा वेदवतीनं स्वयंपाकघराच्या दारातून पाहिलं. त्यांचा अंगठा काचेवर फिरत होता आणि ती गुळगुळीत काच त्याला काहीच सांगत नव्हती. बऱ्याच वेळानं त्यांनी रिमोट मांडीवर ठेवला आणि, आज ऐकायचं मन नाही, असं भिंतीकडे पाहत सांगितलं.

दुसऱ्या दिवशी पूजेनंतर वेदवतीनं उरलेलं गोपीचंदन डिंकाच्या पाण्यात कालवलं आणि काडीनं काचेवर लागणाऱ्या पाच जागी एकेक ठिपका दिला. वाळल्यावर ते तांदळाच्या कणीसारखे बोटाला लागू लागले. त्या संध्याकाळी नरसिंहरावांचा अंगठा पहिल्या ठिपक्यावर थबकला. मग दुसऱ्यावर गेला. वीणा सुरू झाली. ती कॉफी ठेवून आत गेली. ठिपके झिजले की ती नवे देई, आणि त्याबद्दल त्या घरात कधी एक शब्द निघाला नाही.

नोव्हेंबरातल्या त्या संध्याकाळी वीणा चालू असताना आवाज आपोआप चढू लागला. नरसिंहरावांनी कमी करायला बोट दाबलं तसा तो आणखी चढला. समोरच्या घरचे लोक रस्त्यावर आले. वेदवतीनं धावत जाऊन भिंतीवरचा स्विच बंद केला.

मी काही चुकीचं दाबलं नाही, असं नरसिंहराव दोनदा म्हणाले. नंतर त्यांनी रिमोट कपाटावर ठेवला आणि पोंगलला रघूत्तम येईल तेव्हा त्यानं हे सगळं सामान परत घेऊन जावं, असं ठरवून टाकलं. वेदवतीनं, मी लावून देते, म्हटलं. त्यांनी मानेनंच नको म्हटलं. त्यानंतर संध्याकाळी ते नुसते बसून राहत. स्वतःच्या हातानं करायची त्यांची एवढी एकच गोष्ट उरली होती, आणि ती चुकली ती आपल्या बोटामुळं, अशी त्यांची खात्री झाली आहे, हे वेदवतीला दिसत होतं.

तिनं व्यंकोबाला बोलावलं. व्यंकोबा नरसिंहरावांचा मावसभाऊ; तो आणि त्याची बायको त्यांना अण्णा म्हणत. पॉलिटेक्निकात रेडिओ-टीव्हीची दुरुस्ती शिकवी आणि सुटीच्या दिवशी नातेवाइकांच्या घरची यंत्रं उघडून बसे. तो रिमोट घरी घेऊन गेला.

बिघाड त्याला लवकर सापडला. वरचा पातळ पडदा आणि खालची काच यांच्यामध्ये केसाएवढी फट असते. बोट दाबलं की दोन्ही टेकतात आणि रिमोटला जागा कळते. इथं कडेनं ओल आत गेली होती. आवाज वाढवायच्या चौकोनापाशी पडदा काचेला चिकटून बसला होता, म्हणजे कोणी न दाबताही तो चौकोन दाबलेलाच होता. व्यंकोबानं चौकट सोडवली, कडा स्पिरिटनं पुसल्या आणि काच टेबलावरच्या दिव्यासमोर वाळत ठेवली. पडद्यावर गोपीचंदनाचे शिंतोडे वाळलेले दिसले. त्यात त्याला नवल वाटलं नाही. या घरांमधून घड्याळापासून फ्रिजपर्यंत सगळ्यांवर गोपीचंदन सापडतं. हे जरा जास्तच घट्ट होतं. त्यानं ते नखानं उकरून काढलं आणि काच लख्ख केली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यानं रिमोट नरसिंहरावांच्या हातात ठेवला. नव्यासारखा झाला आहे, दाबून पाहा, म्हणाला. नरसिंहरावांचा अंगठा काचेवर गेला, डावीकडे सरकला, खाली आला, परत वर गेला. टीव्ही सुरू झाला आणि त्यातली बाई तमिळमध्ये बातम्या सांगू लागली.

“बिघडलेलाच आहे,” नरसिंहराव म्हणाले. “राहूं दे, व्यंकोबा.”

व्यंकोबानं रिमोट घेऊन टीव्ही बंद केला, वीणा लावली, आवाज वाढवून परत कमी केला. सगळं पहिल्याच फटक्यात झालं. नरसिंहराव ऐकत होते. त्यांचा चेहरा पाहून व्यंकोबानं वीणा थांबवली.

वेदवतीनं त्याला कॉफीचं निमित्त करून आत बोलावलं आणि काचेवर काय होतं आणि कशासाठी होतं ते हळू आवाजात सांगितलं. व्यंकोबा आपल्या नखांकडे पाहत राहिला.

“वैनी, मला तरी आधीं सांगायचें.”

“तुला सांगितलें असतें तर बोलल्यासारखें झालें असतें,” ती म्हणाली. “आम्ही बोललों नाहीं कधीं.”

मग तिनं विचारलं, नवे ठिपके देऊ का? व्यंकोबाला खरं सांगावं लागलं. ओल आत गेली होती ती त्या ओल्या ठिपक्यांचीच. पुन्हा दिले तर पुन्हा तेच होईल. वेदवतीनं पदरानं ओट्यावरचं न सांडलेलं काहीतरी पुसलं. म्हणजे त्यांना त्या दिवशी सगळ्या रस्त्यासमोर खजील केलं ते मीच, असं ती म्हणाली. बाहेर येऊन व्यंकोबानं एक तार ढिली राहिल्याचं सांगितलं आणि रिमोट परत नेला.

घरी त्यानं बायकोचा जुना एक्स-रे काढला. महामहम तलावाच्या पायरीवरून घसरली होती तेव्हाचा. तो सोड्याच्या गरम पाण्यात घासून पारदर्शक केला, काचेच्या मापानं कापला आणि चौकोनांच्या जागी पाच भोकं पाडली. बोट भोकात उतरलं की काच दाबली जाई. कडांना पाणी नको, डिंक नको. बायको वत्सला डोळे मिटून त्यावरून बोट फिरवत बसली.

“पांचही सारखीं,” ती म्हणाली. “अण्णांना काय ज्योतिष येतें? आणि माझा घोटा कापायचा होता तर विचारायचें तरी.”

व्यंकोबानं दुसरा तुकडा कापला. या वेळी वीणा लावायचं भोक चौकोनी, थांबवायचं लांबट, आवाज वाढवायचं मोठं गोल, कमी करायचं लहान गोल, आणि सीडी बदलायचं त्रिकोणी केलं. कडा बोटाला टोचू नयेत म्हणून पॉलिश पेपरनं घासल्या.

काय सांगायचं ते त्यानं वाटेत ठरवलं होतं. या जातीच्या रिमोटला कंपनीचंच कव्हर मिळतं, धूळ बसू नये म्हणून, चेन्नईच्या ओळखीच्या माणसाकडून मिळालं, असं तो नरसिंहरावांना म्हणाला. वेदवती दारात उभी होती.

नरसिंहरावांनी रिमोट मांडीवर घेतला. अंगठा फिल्मवरून गेला, भोकात उतरला, बाहेर आला, दुसऱ्यात उतरला. चौकोनाची कड त्यांनी सावकाश सगळीकडून चाचपली.

“धूळ बसूं नये,” ते म्हणाले, “म्हणून भोकें पाडितात काय रे?”

व्यंकोबानं वेदवतीकडे पाहिलं. तिनं खाली पाहिलं. मग नरसिंहराव बाकावर थोडे सरकले आणि शेजारच्या जागेवर हात ठेवला.

“वेदा, येथें बैस. मला दिसत नाहीं. कोणतें कशाचें तें सांग.”

ती येऊन बसली. मग तिनं त्यांचा अंगठा धरून चौकोनी भोकात ठेवला.

“हें लावायचें.”

“आणि हें लांबडें?”

“थांबवायचें.”

व्यंकोबानं ओसरीवर चपला घातल्या तेव्हा ती दोघं तिसऱ्या भोकापाशी आली होती, आणि वीणा अजून कोणी लावली नव्हती.