जावयाने भरलेलं तेल

कोरगावात सगुणबाबांच्या तोंडाला लागायची कोणाची टाप नव्हती. माणूस वाईट नव्हता, पण दुसऱ्याने केलेलं काम त्यांना कधी पसंत पडायचं नाही. सुताराने खिडकी बसवली की ते एक डोळा मिटून तिची रेघ बघणार, पावांना नाक लावून पोदेराला भट्टीचा हिशेब विचारणार, आणि देवळातली आरती एका कडव्याने आखूड झाली तर भटजींनाही सोडणार नाहीत. त्यांची बायको पद्मावती म्हणायची, आमच्या लग्नातली एकच गोष्ट ह्यांना मनासारखी वाटली, ती म्हणजे वरातीची गाडी, कारण ती ह्यांनी स्वतः चालवली होती.

ती गाडी अजून घरात होती. इंग्लिश बनावटीची, पोर्तुगीज अमदानीत मुरगाव बंदरात उतरलेली. सगुणबाब आधी तिच्यावर ड्रायव्हर होते, आणि मालक लिस्बनला निघून गेला तेव्हा ती त्यांच्याकडे आली. पुढे गोवा मुक्त झाला, कोकणी राजभाषा झाली, राज्य झालं, रस्त्यावर मारुत्या धावू लागल्या, तरी सगुणबाबांच्या लेखी गाडी म्हणजे हीच. तिची सगळी शान ओव्हरड्राइव्हमध्ये होती. स्टिअरिंगखाली एक बारीक दांडी होती. वरच्या गिअरात वेग आला की ती बोटाने ढकलायची, मग गिअरबॉक्सच्या मागे बसवलेलं एक यंत्र जागं व्हायचं आणि वेग तोच राहून इंजिनाचा आवाज एकदम खाली बसायचा. धारगळच्या सड्यावरचा, त्या कातळी पठारावरचा, सरळ रस्ता लागला की सगुणबाब शेजारच्याला गप्प बसवून ती दांडी ढकलत. आवाज उतरला की जणू आपणच ते यंत्र शोधून काढलं अशा थाटात मिशीला हात लावत.

ह्या घराचा जावई प्रज्योत डिचोलीचा. खनिज वाहणाऱ्या ट्रकांच्या वर्कशॉपात तो मुख्य मिस्त्री होता. हात चांगला, स्वभाव गरीब. वडील लहानपणीच गेलेले, काकांनी वाढवलं. काका माणूस भला, पण दुसऱ्याचं पोर म्हणून त्यांनी कधी आवाज चढवला नाही आणि कधी जवळही घेतलं नाही. सगुणबाबांच्या अर्चनाशी लग्न ठरलं तेव्हा सासऱ्यांच्या तोंडाची कीर्ती ऐकून मित्रांनी त्याला घाबरवलं होतं. प्रज्योत मात्र मनातून खूश झाला होता. आपल्यावर ओरडणारं कोणीतरी असणार, ह्याचं त्याला अप्रूप होतं.

झालं भलतंच. सगुणबाबांनी त्याच्यापुढे जिभेला कुलूप लावलं. "प्रज्योतबाब, बसा. प्रज्योतबाब, चा घेयात." खुर्ची पुसून द्यायची, इसवण माशाची मधली तुकडी त्याच्या ताटात, आणि तो काहीही बोलला तरी "बरोबर, बरोबर." बाहेर अंगणात गड्याला ते वेडंवाकडं बोलत, गडी हसत हसत ऐकून घेई, आणि आत खुर्चीवर बसलेल्या प्रज्योतला त्या गड्याचा हेवा वाटे. ओरडा खाणारा माणूस घरचा असतो. आपण ह्या घरात कायमचे पाहुणे, असं त्याला वाटायचं, आणि ही गोष्ट अर्चनाला सांगायची कशी हेही कळायचं नाही.

पावसाळ्यानंतर सगुणबाबांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं. ते पणजीच्या इस्पितळात असताना प्रज्योतने ठरवलं की मामा, म्हणजे सासरे, घरी येईपर्यंत गाडी लखलखीत करून ठेवायची. त्याने रविवारभर खपून ब्रेक बघितले, बॅटरी भरली, आणि गिअरबॉक्समधलं तेल काढून नवं भरलं. वर्कशॉपातलं सगळ्यात भारी तेल, ज्यावर खनिजाचे ट्रक घाट चढतात ते जाड तेल. तेल भरल्यावर त्याने नटावर लाल रंगाचं बोट ओढलं. डिचोलीच्या वर्कशॉपांत ही रीतच होती. ज्याने काम केलं त्याची ती खूण, आणि ती मोडून दुसऱ्याने नट उघडला तर पहिल्याच्या कामावर विश्वास नाही असा त्याचा अर्थ.

सगुणबाब घरी आले, अंगात ताकद आल्यावर एकदा गाडी धारगळपर्यंत नेली, आणि परत आणून जी शेडमध्ये लावली ती लावलीच. ओव्हरड्राइव्ह लागत नव्हतं. दांडी ढकलली की आवाज थोडा उतरे, मग इंजिन पुन्हा मोकळं सुटल्यासारखं ओरडू लागे. प्रज्योतने विचारलं तर ते म्हणाले, गाडीला काही झालेलं नाही, माझंच वय झालं, कान आणि हात पूर्वीचे राहिले नाहीत. पुढच्याच आठवड्यात अर्चनाला कळलं की कळंगुटच्या कोणा हॉटेलवाल्याला ते गाडी देणार आहेत. तो ती हिरवळीवर शोभेला उभी करणार होता.

अर्चना रडली. बाबांनी गाडी दिली म्हणजे ते घरातच बसणार, आणि घरात बसले की खचणार, हे तिला स्पष्ट दिसत होतं. ज्या माणसाकडून एक शिवी मिळावी म्हणून आपण वाट बघत होतो, तो माणूस आता गपगार म्हातारा होणार, असं प्रज्योतला दिसू लागलं. हॉटेलवाला सोमवारी येणार होता. प्रज्योत शनिवारीच अर्चनाला आणि हत्यारांची पेटी घेऊन कोरगावला आला.

सगुणबाबांनी नेहमीप्रमाणे खुर्ची पुसली. गाडीच्या खाली जाऊ नका, कपडे मळतील, म्हणाले. प्रज्योतने ऐकलं नाही, तेव्हा ते चुळबुळत थोडा वेळ उभे राहिले आणि माडांना पाणी सोडायचं निमित्त काढून निघून गेले.

प्रज्योतने वरून सुरुवात केली. फ्यूज ठीक होता. दांडीखालचा स्विच उघडून घासला. वायर तुटलेली नव्हती. इंजिन बंद ठेवून, वरचा गिअर टाकून, त्याने अर्चनाला दांडी ढकलायला सांगितलं आणि खाली कान लावला. सोलेनॉइडने, त्या विजेच्या चुंबकाने, टक् असा खणखणीत आवाज दिला. म्हणजे विजेचं काम बरोबर होतं. सोलेनॉइड जो दांडा ओढतो तोही पुरेसा वर येत होता. मग राहिलं आतलं, तेलाचं. ह्या यंत्राला जोर मिळतो तो गिअरबॉक्समधल्याच तेलाच्या दाबातून, एवढं त्याला ठाऊक होतं. तेल गाळणारी जाळी तुंबली असेल म्हणून त्याने परात खाली ठेवून आपलाच लाल रंग खरवडला आणि नट सोडला.

तेल काकवीसारखं लोंबत, आळसावत खाली आलं. जाळी स्वच्छ होती. त्याने वरची झडप काढून तळहातावर घेतली. तिला एक भोक होतं, इतकं बारीक की सुई जेमतेम जावी. प्रज्योतने बोटाने तेलाचा थेंब त्या भोकावर सोडला आणि बघत बसला. थेंब वर तसाच बसून राहिला, आत जाईना. मग त्याला उमगलं. ह्या भोकातून तेल पळायला हवं होतं, आणि आपण ट्रकाचं तेल भरून ठेवलं होतं. शिवाय ट्रकाच्या तेलातली ती निसरडी औषधं. यंत्राच्या आतला क्लच धरणार कसा? गाडी चांगली होती, मामांचे कानही चांगले होते. बिघाड त्याने स्वतःच्या हाताने, भारीतला भारी माल वापरून भरला होता.

पद्मावती चहा घेऊन आली तेव्हा तो शेडमध्ये जमिनीवरच बसला होता. मामी, माझ्या हातून चूक झाली, असं त्याने सगळं सांगून टाकलं. मामा आले की कसं सांगू, तेही विचारलं. पद्मावतीने चहाचा कप खाली ठेवला, दाराकडे बघितलं आणि पदराने तोंड पुसलं.

"सांगूक नको म्हणून शपथ घातलेली हां माका," ती म्हणाली. "तेंका पयल्याच दिसा कळलां. गाडी थेंब थेंब गळता मां, तो थेंब बोटार घेवन वास घेतल्यानी. रातचे जेवक नाय."

प्रज्योतला आधी समजलंच नाही. कळलं होतं, तर तेल का बदललं नाही? पद्मावतीने मग हळू आवाजात सांगितलं. त्यांनी पाना हातात घेतला होता. पण नटावर जावयाच्या हाताचा रंग होता, तो मोडायचा कसा? जावयाला नाव ठेवायचं नसतं, त्याचा ताप आपल्या मुलीला होतो, असं ते म्हणत. त्या तेलावर गाडी चालवली तर आतला क्लच जळेल, म्हणून चालवायची बंद केली. हॉटेलवाल्याला दिली की त्याचा मिस्त्री तेल बदलेल, गाडी वाचेल, आणि जावयालाही कधी कळणार नाही.

वयाचं सोंग घेतलं होतं तर. प्रज्योतला हसावं की काय करावं ते कळेना. एवढी जिवाची गाडी हा माणूस देऊन टाकायला निघाला, का तर आपल्याला वाईट वाटू नये. आणि त्याच वेळी त्याला फार वाईट वाटलं, कारण एवढी माया करूनही त्यांनी त्याला उंबऱ्याबाहेरच ठेवलं होतं.

सगुणबाब माडांकडून आले. परात, नट, खरवडलेला रंग, सगळं त्यांनी एका नजरेत बघितलं, पद्मावतीकडे एकदा रागाने बघितलं, आणि म्हणाले, "हां, हां. असां होता कधी कधी. तेल काय, सगळांच बरां."

"मामा," प्रज्योत उठून उभा राहिला. "ह्यां तेल तुमच्या पोटच्या झिलान घातलेला आसता, तर तुमी ताका काय म्हटला असता?"

सगुणबाबांनी परातीकडे बघितलं. मग प्रज्योतकडे बघितलं. त्यांच्या गळ्याची शीर फुगू लागली, आणि पद्मावतीने ते ओळखून कप उचलून बाजूला घेतला.

"गाढवा," सगुणबाब म्हणाले.

एकदा बांध फुटल्यावर मग काय. "ही काय तुझ्या खाणीची गाडी? ह्यां तेल बैलगाडयेच्या चाकाक तरी कोण घालीत? नट सोडुच्या आदी इचारुक तोंड नाय तुका? आनी वयर रंग लायता! मोठो मिस्त्री!" मग ब्रेकवर घसरले, बॅटरीच्या पाण्यावर घसरले, लग्नात मुंडावळ्या वाकड्या बांधल्या होत्या तेही काढलं. आवाज ऐकून अर्चना घाबरून धावत आली. बाप नवऱ्याला फाडून खातोय आणि नवरा खाली मान घालून उभा आहे, त्याच्या गालांवरून पाणी चाललंय आणि तो हसतोय, हे बघून ती दारातच थांबली. पद्मावतीने तिचा हात धरून तिला मागे ओढलं. मध्ये पडू नको, म्हणाली.

दमल्यावर सगुणबाबांनी फळीवरचा पातळ इंजिन ऑइलचा डबा काढून दिला. कसं धुवायचं, कुठपर्यंत भरायचं, हे शेजारी उकिडवे बसून सांगत राहिले, दर दोन वाक्यांनी एक शिवी घालत. नटावर रंग लावायचा नाही अशी ताकीद मिळाली. हॉटेलवाल्याला सोमवारी काय सांगायचं, तेही त्यांनी प्रज्योतच्याच गळ्यात घातलं.

संध्याकाळी त्यांनी किल्ली त्याच्या हातात दिली. स्वतः डावीकडे बसले. ही जागा त्यांनी आजवर कधी घेतलेली कोणी बघितली नव्हती, आणि तिथे बसून ते वळणावळणावर पाय दाबत होते, जणू ब्रेक त्यांच्याच पायाखाली होता. धारगळचा सडा लागला. प्रज्योतने वेग घेतला, क्लच दाबला आणि दांडी ढकलली. इंजिनाचा आवाज खाली बसला आणि तसाच बसून राहिला. काजूच्या झाडांवरून येणारा वारा ऐकू येऊ लागला. प्रज्योतने बाजूला बघितलं. सगुणबाबांचे डोळे मिटलेले होते, आणि हात मिशीवर गेला होता.

"दांडी ढकलताना क्लच दाबूचो नसता," डोळे न उघडता ते म्हणाले. "कितीदा सांगूचां रे तुका?"

खरं तर हे ते पहिल्यांदाच सांगत होते. प्रज्योत "हां मामा" म्हणाला. पुढे चढ आला, त्याने दांडी मागे घेतली. चढ संपून पुन्हा सरळ रस्ता लागला तेव्हा त्याने क्लच मुद्दाम चांगला खालपर्यंत दाबला आणि दांडी ढकलून शिवीची वाट बघू लागला.