दोनची रिंग

एका जागी बसणं ही राजेश्वरीला शिक्षाच वाटायची. उद्यमबागेतल्या कारखान्यात ती विहिरीवरच्या मोटरींचे मोबाईल स्टार्टर तपासायची, आणि तिचं स्टूल कायम रिकामं, ती कायम उभी. त्या दिवशी तर तिच्या अस्वस्थपणाला कारणही होतं. निपाणीजवळच्या गावी तिचे आप्पा, भावकूआप्पा, सदुसष्टाव्या वर्षी विहिरीत उतरणार होते. पाण्यातल्या मोटरीची केबल दगडावर घासून सोलली होती. मोटर चालू असताना शेजारच्या भरमूनं विहिरीत पाय धुतले, तर पायाला झिणझिण्या आल्या. दोघांनी मिळून उतरायचं, केबल ओढून घ्यायची, टेप गुंडाळायची आणि दोनच्या आत वर यायचं असं ठरलं होतं, कारण दोनला थ्री फेज लाईट येते. सकाळी फोनवर तिनं तीनदा बजावलं, आधी फ्यूज काढून खिशात घाला. आप्पा तीनदा "व्हय व्हय" म्हणाले. आप्पांचं 'व्हय' म्हणजे 'न्हाय'चं सख्खं भावंड, हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक होतं.

विहिरीवरचा स्टार्टर तिनंच दोन वर्षांपूर्वी बसवला होता. त्याच्या आत सिमकार्ड. त्यात नोंदवलेल्या तीनच नंबरांवरून रिंग आली की मोटर चालू व्हायची. बाकी दुनियेनं कितीही रिंगा दिल्या तरी तो ढिम्म. एक नंबर आप्पांचा, एक तिचा, एक धाकट्या भावाचा, रविराजचा. लाईट आली की स्टार्टर आपणहून रविराजच्या नंबरावर एक रिंग देऊन कळवायचा, कारण तेव्हा शेत तोच बघत होता. मग रविराज दुबईला गेला, आणि ही सोय बदलायची राहूनच गेली.

गेल्या आठ महिन्यांत मात्र गंमत झाली होती. दोनला लाईट यायची आणि मिनिटभरात मोटर आपोआप सुरू व्हायची. आप्पांना त्यात नवल वाटलं नाही, अभिमान वाटला. पोरगं तिकडं बसून माझ्या उसाला पाणी पाजतंय, हे त्यांनी गावातल्या प्रत्येक कट्ट्यावर सांगून झालं होतं. रविवारी लेकाचा फोन यायचा, पण जेवलास काय आणि ऊन किती यापलीकडं बापलेक बोलत नसत. मोटरीचा विषय काढून त्याची माया तपासून बघायची, हे आप्पांच्या स्वभावात बसत नव्हतं. राजेश्वरीनंही तेच खरं धरलं होतं.

म्हणूनच पावणेदोनच्या सुमारास तिनं भावाला मेसेज टाकला, की आप्पा विहिरीत आहेत, आज मोटर चालू करू नकोस. उत्तर लगेच आलं. रविराजनं लिहिलं होतं, मी कुठली मोटर चालू करतो? तो नंबर सोडून वर्ष झालं, कंपनीनं एव्हाना दुसऱ्या कुणाला दिला असेल.

म्हणजे रोज दोनला स्टार्टर कुणा परक्याला रिंग देतो, तो परका कोण बाबा म्हणून उलट रिंग देतो, आणि मोटर चालू होते. आज ती चालू झाली, तर सोललेली केबल पाण्यात आणि पाण्यात आप्पा.

तिनं आप्पांना फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. सदरा काठावर, फोन सदऱ्याच्या खिशात. भरमूचंही तेच. बांधाशेजारचा मष्णू निपाणीच्या बाजारात गेलेला. तो म्हणाला निघतोच, पण सव्वादोनच्या आत पोचत नाही. फोरमन महादेवनं बाईकची किल्ली पुढं केली. दीड तासाच्या वाटेवर बाईक घेऊन ती काय करणार होती? स्टार्टरला मेसेज पाठवावा तर तो गाढ झोपेत. लाईट नसताना बॅटरी वाचावी म्हणून स्टार्टरनं नेटवर्क सोडून झोपावं, लाईट आली की जागं व्हावं आणि आधी रिंग द्यावी, ही सुधारणा तिनंच सुचवली होती आणि त्याबद्दल कारखान्यात तिच्या खांद्यावर शालही पडली होती. बरं, जागा झाला तरी नंबर काढायचा हुकूम तो फक्त मालकाच्या फोनवरून घेतो, म्हणजे आप्पांच्या. चोरापासून राखायला केलेलं कुलूप, आणि आज घरचीच माणसं बाहेर. करायला गेले गणपती आणि झाला मारुती, असं म्हणतात ते काही उगीच नाही.

राहता राहिला तो परका. रविराजचा जुना नंबर तिला तोंडपाठ होता.

पहिल्याच रिंगेला फोन उचलला गेला. पाठीमागं यंत्रमागांची खडखड, आणि त्यातून एका बाईचा घाईचा आवाज आला, "प्रिया?"

राजेश्वरीनं एका दमात सगळं सांगायला घेतलं, हा नंबर आधी माझ्या भावाचा, तुम्हाला दोनला एक रिंग येईल, तिला उलट फोन करू नका. बाईनं निम्म्यातच फोन कापला. दुसऱ्यांदाही कापला. दुधानं तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो. वडगावातल्या त्या बाईच्या गल्लीत गेल्याच महिन्यात फोनवर असंच गोड बोलून कुणाला तरी फसवलं होतं. हे राजेश्वरीला नंतर कळलं. त्या क्षणी तिला बाईचा संताप आला, मग स्वतःचा. ती बाकाभोवती फेऱ्या मारत होती. एक बावन्न झाले होते.

तिसऱ्यांदा तिनं नावगावसुद्धा सांगितलं नाही. "आक्का, मला ओटीपी नको, काय नको. माझं वडील विहिरीत हायत."

खडखड दूर गेली. बाई मागच्या दारी आली असावी. तिनं सगळं ऐकून घेतलं, विहीर, केबल, लाईट. मग शांतपणे म्हणाली, "असू दे गं बाई. पण आता ठेव. दोन वाजायला आलं. माझ्या पोरीचा फोन यायचा हाय."

तिचं नाव सत्यवती, हे आणि पुढचं सगळं तिनं घाईघाईनं सांगितलं. नवऱ्याबरोबर पॉवरलूमवर साड्या विणायची. लेक प्रियदर्शनीनं वर्षापूर्वी आपल्या मनानं लग्न केलं आणि बापानं तिचं नाव घरात बंद केलं. सत्यवतीच्या फोनमधलं सिमसुद्धा काढून मोडून टाकलं. आठ महिन्यांपूर्वी सत्यवतीनं चोरून नवं घेतलं आणि लेकीच्या मैत्रिणीकडून नंबर चिठ्ठीत लिहून पाठवला. पुढच्याच आठवड्यात दुपारी दोनला एक रिंग आली आणि बंद झाली. दुसऱ्या दिवशी पुन्हा. रोज. सत्यवतीनं धरलं, ती बोलत नाही, बापाला भीत असेल, पण मी बरी हाय म्हणून सांगते. मग आईनंही उलट एक रिंग द्यायची, आई हाय म्हणून.

एक छप्पन. सोपी वाट समोर होती, ती तिनं धरून बघितली. आजचा एक दिवस रिंग देऊ नका, म्हणाली.

"एक दिवस चुकला तर ती काय समजंल? आई बी सुटली म्हणंल."

आता खरं सांगण्यावाचून गत्यंतर नव्हतं, आणि असलं खरं सांगायची वेळ वैऱ्यावरही येऊ नये. "आक्का, ती तुमची पोरगी न्हाय. आमच्या विहिरीवरचं मशीन हाय. तुम्ही रिंग दिली की आमची मोटर चालू व्हती. त्या नंबरचं शेवटचं आकडं सात, शून्य, चार, आठ. बघा, व्हय का न्हाय."

फोन कट झाला.

पटलं की रागावली, कळायला मार्ग नव्हता. परत लावावा तर त्या नादात बाई भलतंच काही करायची. दोन वाजले. दोन वाजून एक. राजेश्वरी खिडकीशी गेली, परत आली, महादेवनं दिलेला पाण्याचा ग्लास हातात धरून तशीच उभी राहिली. तिच्या मनात सारखं एकच येत होतं, की एका बाईच्या बोटात माझ्या बापाचा जीव आहे आणि तिची आशा मी आत्ताच मोडली.

दोन वाजून सात मिनिटांनी आप्पांचा फोन आला. काम झालं होतं. शेवटचा वेढा मारताना वर स्टार्टरचा दिवा लागला, तेव्हा दोघंही पाण्यातच होते, असं ते मजेत सांगत होते. फ्यूज काढली होती का, विचारलं तर म्हणाले, लाईटच न्हवती, काढायची कशाला.

"पण रवीचं ध्यान बघ," आप्पा म्हणाले. "मी आत हाय म्हणून आज त्यानं मोटर चालू केली न्हाय."

राजेश्वरीला रडू फुटलं, आणि बोलायचं तेवढं राहून गेलं.

अडीचला सत्यवतीचा फोन आला. आवाज बसला होता. म्हातारं वर आलं काय, एवढंच तिनं विचारलं. आलं, म्हटल्यावर तिनं मोठा श्वास सोडला. राजेश्वरीला काय करू नि काय नको असं झालं. ती म्हणाली, मोटर चालवायच्या यादीतून तुमचा नंबर काढावाच लागंल, पण लाईट आल्याची रिंग तेवढी तशीच ठेवता येते. दोनला वाजत राहील.

"नको," सत्यवती म्हणाली. "उद्या खरंच तिचा फोन आला, तर मी तुझी मोटर समजून उचलायची न्हाय."

तो नंबर काढणं आप्पांच्याच हातात होतं, म्हणजे त्यांना खरं सांगणं आलं. राजेश्वरीनं तेव्हाच फोन लावला आणि सगळं सांगितलं, रविराजचा नंबर, वडगावची बाई, तिची लेक. फोन चालू आहे ना, म्हणून तिनं दोनदा हाक मारली.

"हाय की," आप्पा म्हणाले. "म्हणजे आठ म्हयनं माझ्या उसाला त्या बाईनं पाणी पाजलं."

"व्हय आप्पा."

"रवीनं न्हाय."

"न्हाय."

आप्पांनी नंबर काढायचा मेसेज कसा लिहायचा ते विचारलं. तिनं एकेक अक्षर सांगितलं, आणि त्यांनी एकेक अक्षर लिहिलं.