दोन शब्दांत उरकलं

लॉर्ड ऑल्डविक देवगाव फाट्याजवळच्या त्या गावात आले तेव्हा सत्तरीचे होते. किल्ल्यासारख्या घरात जन्म, बापामागं वारशानं आलेली लॉर्डांच्या सभागृहातली जागा, चार वर्षं मंत्रिपद. आता एका धर्मादाय संस्थेतर्फे ते विद्यापीठाच्या नामांतराच्या दंगलीत जळालेला बौद्धवाडा बघायला आले होते. इंग्रजीत सांगणारा कुणी हवा, म्हणून शाळेतल्या बन्सीधर मास्तरांना बोलावणं गेलं. जेवणं शाळेचे अध्यक्ष सूर्यभानराव यांच्या घरी झाली आणि त्यांच्याच जीपमधून सगळे वाड्यात गेले.

कडूबाई काळ्या पडलेल्या भिंतीपुढं उभी राहिली अन् बोलत सुटली. "ह्यांच्याच माणसांनी रॉकेल वतलं. सासरा आत व्हता, उठता येत न्हवतं त्याला. आमी बोंबलायलो, अन् ह्ये हितंच उभं राहून बघायलते!" तिचं बोट थेट सूर्यभानरावांवर होतं.

सूर्यभानराव मास्तरांकडे बघत होते. चाळिशी उलटली तरी मास्तर अजून नोकरीत कायम झाले नव्हते.

"वाऱ्यानं आग पसरली म्हणते," मास्तर इंग्रजीत म्हणाले. "सासरा गेला तिचा."

"एवढंच? ती तर बरंच बोलली."

"एवढंच, साहेब."

लॉर्डांनी वहीत लिहून घेतलं.

सात वर्षांनी त्यांचं पत्र आलं. 'तुम्ही सांगितलंत तेच मी सभागृहात बोललो. खरं काय ते मागाहून कळलं. तुम्हाला दोष देत नाही. बोट कुणाकडे होतं ते मलाही दिसलं होतं. पण त्या माणसाच्या घरी मी जेवलो होतो. तसल्याच घरात वाढलो मी; पुन्हा विचारायचं नसतं, हे तिथंच शिकलो. ती बाई काय म्हणाली, ते आता कळवाल?'

मास्तरांनी दुसऱ्याच दिवशी बौद्धवाडा गाठला. कडूबाई दारात तूर निवडत होती. त्यांनी तिला सगळं सांगितलं.

"मला तवाच कळलं व्हतं, मास्तर," ती म्हणाली. "मी एवढी बोलले अन् तुमी दोन शब्दांत उरकलं."

मग तिनं पहिल्यापासून सांगितलं. मास्तरांनी काही न गाळता इंग्रजीत उतरवून धाडलं. महिन्याभरानं लॉर्डांच्या मुलीचं उत्तर आलं: तुमचं पत्र पोचायच्या आठ दिवस आधी वडील वारले.

तेही त्यांनी कडूबाईला जाऊन सांगितलं.

"गेला बिचारा," ती म्हणाली. "पर तुमी तर हायेत ना? हितं सांगा की. चार माणसांत, मराठीत."

सूर्यभानराव अजून अध्यक्ष होते, आणि मास्तरांची थोरली मुलगी त्याच शाळेत नुकती नोकरीला लागली होती. कडूबाईनं जरा वाट बघितली, मग ती उठून आत गेली.

मास्तर कधीच बोलले नाहीत. नामांतर झालं तेव्हा ते निवृत्त झाले होते. पेढ्यांचा पुडा घेऊन बौद्धवाड्यात गेले. कडूबाईनं पेढा घेतला, तांब्याभर पाणी दिलं. बसा मात्र म्हणाली नाही.