गाडी सावकाश आणा

बाबा गेले त्याच आठवड्यात डहाणूच्या सर्व्हिस सेंटरमधून फोन आला. बाबांचा मोबाइल मीच जवळ ठेवला होता.

"आजोबा, उद्या गाडी आणताय ना? वॉरंटीत आहे तोवर इंजिन उघडून बघून घेऊ."

हा मनिष. सेंटरच्या काउंटरवर बसणारा. बाबांच्या बोलण्यात त्याचं नाव इतक्या वेळा यायचं, की मला तो नात्यातलाच वाटे. मी त्याला बाबा गेल्याचं सांगितलं.

"अरेरे. सॉरी मॅडम. मग घाई नका करू. गाडी सावकाश आणा. मी आहे ना."

त्या दिवसांत फार थोड्या माणसांनी मला घाई करू नका म्हटलं होतं. मला ते बरं वाटलं, आणि पुढे त्याच बरं वाटण्याचा मला सगळ्यांत जास्त राग आला.

तसंही गाडी हलवता आली नसती. आमच्या पाड्यावर गेलेल्या माणसाची वापरातली वस्तू कार्य होईपर्यंत कोणी हात लावून हलवत नाही. बाबांची काठी दाराआड तशीच उभी होती, चपला ओट्याखाली होत्या. गाडीचं काय करायचं, हा प्रश्न पाड्यावर पहिल्यांदाच आला होता. निवाडा शेजारच्या बुधीबाईने केला. "काठी नाय हलवायची, तर गाडी कशी हलवशील? गुरुजी तिच्यातच तर बसलेला असायचा." गाडी आंब्याखाली उभी राहिली. कोंबड्या तिच्याखाली बसू लागल्या. वॉरंटी त्याच दिवसांत संपली.

बाबांना सगळे लडक्या गुरुजी म्हणत. तलासरीच्या पूर्वेला, डोंगराकडच्या शाळांत त्यांचं आयुष्य गेलं. निवृत्त झाल्यावर त्यांनी ही पांढरी गाडी घेतली आणि त्या वयात चालवायला शिकले. उंचीने लहान, म्हणून सीट पार पुढे ओढलेली, छाती जवळजवळ स्टिअरिंगला टेकलेली. हायवेवर ट्रकवाले मागून हॉर्न देऊन थकत. "गुरुजीच्या गाडीत बसलं की म्हातारी माणसंपण रस्त्यात उतरून पाणी पिऊन परत चढतात," असं माझा चुलतभाऊ लाहू म्हणायचा. पण त्या गाडीत बसायला माणसं कायम तयार असत. डहाणूच्या दवाखान्यात जायचं, बाजार आहे, कोणाच्या पोराला ताप आहे. मागच्या सीटवर नेहमी टोपल्या आणि बायका.

आणि ही गाडी पहिल्या वर्षापासून ऑइल पीत होती. सकाळी सुरू केली की इंजिनातून टकटक आवाज यायचा. बाबा प्रत्येक सर्व्हिसिंगला हे सांगत. जाताना घोलवडच्या चिकूंची पेटी नेत. तिकडची माणसं ऑइल भरून, गाडी धुऊन परत देत. "नवीन इंजिन आहे आजोबा, चालवत राहा, मोकळं होईल."

"ही तक्रार त्यांच्याकडून लिहून घेतलीत का?" मी एकदा विचारलं होतं.

बाबा हसले. अख्ख्या पाड्याचे अर्ज लिहून देणारा माणूस. रेशनकार्ड असो, जमिनीचा दाखला असो, तहसीलच्या खिडकीपर्यंत सोबत जाणारा. पण म्हणाले, "अर्ज ऑफिसात करायचा असतो. मनिष आपला माणूस आहे. त्याला सांगितलंय."

कार्य झालं. दुसऱ्या दिवशी लाहूने आईला बँकेत न्यायला गाडी काढली. तलासरी दिसू लागली तोच लाल दिवा लागला आणि पाठोपाठ इंजिनातून असा आवाज आला, की आई दार उघडूनच बसली. गाडी तिथेच अडकली. लाहूच्या ट्रॅक्टरला बांधून आम्ही ती डहाणूला नेली. बुधीबाई आमच्याआधी ट्रॉलीत चढून बसली होती. "मीच बोललेली ना हलवू नका म्हणून. मग मी येणार."

मनिष माझ्याहून लहान, नीट भांग पाडलेला. त्याने गाडीखाली वाकून पाहिलं, ऑइल मोजायची पट्टी बाहेर काढली, पुसली, पुन्हा घातली. मग काउंटरमागे जाऊन बसला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "इंजिन जाम आहे मॅडम. ऑइल नाहीच आत. वॉरंटी पण संपली."

"तुम्हीच म्हणालात, सावकाश आणा."

"ते मी माणुसकीच्या नात्याने बोललो."

"बाबा दोन वर्षं सांगत होते, गाडी ऑइल पिते."

"सिस्टीममध्ये तशी कंप्लेंट नाहीये."

"इंजिन उघडून बघायचं ठरलंय, हे तुम्ही फोनवर बोललात."

त्याने स्क्रीन माझ्याकडे वळवली, जणू मी स्क्रीनशीच बोलत होते. सर्व्हिसिंग, वॉशिंग, सर्व्हिसिंग, वॉशिंग. बाबांनी तिथे सांगितलेलं एकही वाक्य त्यात नव्हतं.

आतून मॅनेजर आले. गुजराती वळणाचं गोड बोलणं. "जुओ बेन, तुमच्या घरात दुःख झालंय. आपण मदत करू. अर्धा खर्च सेंटर घेईल. फक्त कंपनीला दाखवायला एक ओळ पाहिजे. गाडी वडील चालवायचे, वय झालेलं, ऑइलकडे लक्ष राहिलं नाही. एवढंच. सही करा, गाडी चालू होऊन जाईल."

बुधीबाई सोफ्यावर पाय वर घेऊन बसली होती. तिला एसी आवडला होता. "कर ना सही," ती म्हणाली. "गुरुजी काय वाचायला येतो आता? गाडी पायजे आपल्याला. पाड्यावरच्या नवशीचे दिवस भरत आले, तिला काय बैलगाडीतून नेशील?"

ती खरं बोलत होती. मी पालघरला कॉलेजच्या ग्रंथालयात बसते, मला रिक्षा मिळते, लोकल मिळते. पाड्यावर ही एक गाडी होती.

"बुधीबाई, त्यात लिहायचंय की गाडी बाबांनी बिघडवली. आणि त्यांनी कधी काही सांगितलंच नाही, असंही."

तिने पाय खाली घेतले.

"कोण बोलतो?"

मी मनिषकडे पाहिलं.

"ए," ती उठून काउंटरपाशी गेली. "मी हती ना अठंच. याच सोफ्यावर. गुरुजी बाजारात सगळ्यांना सोडायचा, मी नाय उतरायची, मला अठं थंड लागायचं. गुरुजी तुला बोलला, ऑइल संपतं, सारखं संपतं. तू काय बोललास? 'चालवत राहा आजोबा, मोकळं होईल.'" तिने त्याचा आवाज असा हुबेहूब काढला, की पलीकडे बिल भरणारा एक माणूस हसला. "आणि चिकू मोजून घेतलास ना? का ते पण नाय तुझ्या डब्यात?" तिने कॉम्प्युटरवर बोटाने टकटक केलं.

"मावशी, हात नका लावू."

"मावशी नको बोलू मला. गुरुजीला आजोबा बोलायचास तू."

मॅनेजर म्हणाले, "बेन, यांना जरा बाहेर बसवा ना, कस्टमर आहेत."

"त्याही कस्टमरच आहेत," मी म्हणाले. माझा आवाज चढला नव्हता. तो चढला असता तर मला बरं वाटलं असतं. "मी सही करणार नाही. अर्धा खर्च राहू द्या. मला मनिषकडून एकच उत्तर हवंय. बाबांनी तुम्हाला सांगितलं होतं की नाही?"

"मॅडम, सिस्टीममध्ये..."

"सिस्टीमला नाही विचारलं. तुम्हाला विचारलं."

तो पेनाचं टोपण लावत राहिला, काढत राहिला. बुधीबाई त्याच्या तोंडासमोर उभी होती. शेवटी तो मॅनेजरकडे न बघता म्हणाला, "सांगितलं होतं. दर वेळी सांगायचे."

"बस," मी म्हणाले.

मॅनेजरचा चेहरा जरासुद्धा बदलला नाही. "सांगितलं असेल ना, बेन. आम्ही कुठे नाही म्हणतो? पण वॉरंटी तर संपलीच."

इतक्या सहज. जे कबूल करून घ्यायला मी जीव एकवटून उभी होते, ते त्यांच्यासाठी काहीच नव्हतं. बाबा खरं बोलले असोत की खोटं, त्यांचा हिशोब तोच राहणार होता. त्या ओळीवर माझी सही त्यांना हवी होती, ती फक्त फाइल बंद करायला. एका माणसाच्या दोन वर्षांच्या सभ्यपणाचं त्यांनी काय केलं, हे त्यांना कळलंही नव्हतं, आणि ते समजावून सांगणारी भाषा माझ्याकडे नव्हती. पुस्तकांत मी इतकी वर्षं घालवली, तरी नव्हती.

"लाहू, दोर बांध," मी म्हणाले.

बाहेर बुधीबाई माझ्यावरच भडकली. "मग आलो कशाला? गाडी पण नाय झाली, पैसे पण नाय दिले."

"तो बोलला ना, सांगितलं होतं म्हणून."

"ते मला म्हाइतच हतं," ती म्हणाली आणि ट्रॉलीत चढली. चढल्यावर मात्र तिने मागे वळून काचेकडे हात केला आणि मोठ्याने, रस्त्यावरच्या रिक्षावाल्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "चिकू खाऊन गप बसला हो हा! चिकू खाऊन!"

ओढल्या जाणाऱ्या गाडीचं स्टिअरिंग धरायला कोणीतरी लागतं. येताना लाहूचा मित्र बसला होता, जाताना मी बसले. इंजिन बंद असलं की स्टिअरिंग दगडासारखं जड होतं आणि ब्रेकवर उभं राहावं लागतं, हे मला तेव्हा कळलं. सीट पार पुढे होती. माझे गुडघे डॅशबोर्डला घासत होते. लाहूने आरशातून पाहून हात केला, सीट मागे घे.

मी मानेनेच नाही म्हटलं. आशागड मागे पडलं, हायवे लागला. आम्ही बाबांच्याच वेगाने चाललो होतो, आणि मागून ट्रकवाले हॉर्न देत होते.