शब्द आणि लाखनीची आत्या

साकोलीच्या मधुकरराव मास्तरांनी मुलीच्या लग्नाचं आमंत्रण आपल्या थोरल्या बहिणीला, लाखनीच्या गोदावरीबाईंना, नाना परींनी पाठवलं. आणि प्रत्येक आमंत्रणाची भाषा आधीच्यापेक्षा सरस होती. पहिलं मोबाईलवर गेलं, गुलाबाच्या वेलीसकट. मग छापील पत्रिका गेली, तिच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मास्तरांच्या वळणदार अक्षरात चार ओळी. मग पोस्टानं एक पत्र गेलं, त्यात ‘आपल्या आगमनाने आमच्या अंगणास शोभा यावी’ असं होतं. शेवटी मास्तरांनी स्वतःच्या आवाजात निरोप भरून पाठवला. गोदावरीबाईंनी सगळं ठेवून घेतलं. काही परत केलं नाही, आणि येते असंही कळवलं नाही.

लाखनी लांब असती तर गोष्ट वेगळी होती. साकोलीहून हायवेवर एसटीत बसलं की डुलकी नीट लागायच्या आत लाखनी येते. पेन्शनच्या कामाला भंडाऱ्याला जाताना मास्तरांची गाडी लाखनीच्या स्टँडवर थांबतेच. पण तिथे गाडी उभी असेपर्यंत मास्तर समोरच्या सीटच्या पाठीवर पोरांनी कोरलेली नावं वाचत बसतात. बहिणीच्या गल्लीकडे मान वळवत नाहीत.

याचं मूळ गोदावरीबाईंच्या नव्या घरात आहे. त्या घराच्या अर्पणाच्या, म्हणजे ख्रिस्ती घरच्या वास्तुशांतीच्या, दिवशी प्रार्थनेचा मान भावाला होता. भावानं पायासाठी मागितलं, भिंतींसाठी मागितलं, गवंड्यासाठी, घरात नांदणाऱ्यांसाठी, लाखनी गावासाठी, आणि तिथून गाडी देशावर आली. पंगत मांडलेली. मटणावर तेल गोठू लागलं. तेव्हा देश अर्धाच झाला असताना गोदावरीबाई खणखणीत आवाजात म्हणाल्या, “आमेन!” सगळ्या मांडवानं कृतज्ञतेनं आमेन म्हटलं आणि पत्रावळींवर हात पडले. मास्तर डोळे मिटून, तोंड उघडं ठेवून उभेच राहिले. तेव्हापासून लाखनी बंद.

आता आमच्या भागातला रिवाज असा, की लग्नाचं पहिलं आमंत्रण बहिणीला, आणि ते घरच्या माणसानं जाऊन द्यायचं. उंबऱ्याच्या आत बसायचं, पाणी प्यायचं, जेवायचं, मग विषय काढायचा. घर कुणब्याचं असो, बौद्धाचं असो की मास्तरांसारखं ख्रिस्ती, यात फरक नाही. धर्म बदलता येतो, मानपान बदलता येत नाही. मास्तरांना हे ठाऊक नव्हतं असं नाही. पण हयातभर मुलांचे निबंध तपासलेल्या माणसाचा असा एक समज होतो, की मजकूर चांगला असला म्हणजे माणूस गेला काय नि न गेला काय, सारखंच.

अडलं होतं ते तृप्तीचं. मास्तरांची ही एकुलती एक मुलगी, या आमेनच्या आधी, अकरावी-बारावीला आत्याकडे लाखनीला राहिली होती. आत्याच्या हातची भाकर खाऊन पास झाली होती. तिनं सरळ सांगून टाकलं, “पहिली हळद आत्याच लावन. आत्या नाही आली तं मी पाटावर बसत नाही. मंग तुमी अन् नवरदेव पाहून घ्या.”

छापील पत्रिका लाखनीला नेली होती ती शेजारच्या हिरालालनं. हा लाखनीच्या बँकेत नोकरीला. रोज मोटारसायकलनं जाणं-येणं. घर बौद्धांचं, पण मास्तरांच्या घरचा नाताळ त्यानं कधी चुकवला नाही. परत आल्यावर तो मास्तरांच्या ओसरीवर ऐसपैस बसला.

“काय म्हणाली?” मास्तरांनी विचारलं.

“चहा पाजला. चिवडा दिला.”

“ते नाही रे. पत्रिका वाचून काय म्हणाली?”

“वाचलीच नाही. चष्मा नाही म्हणे. सुनेले म्हणाल्या, चंदा, वाच वो. चंदानं वाचली. मागची बाजू बी वाचली. मंग मले विचारते, हिरालालभाऊ, मास्तरचे पाय धड आहेत ना? मी म्हटलं, आहेत ना बाई, रोज तलावाच्या पाळीनं फिरून राहिले. तं म्हणाल्या, असं होय! मले वाटलं लकवा मारला.”

आतून सुलोचनाबाईंचा, म्हणजे मास्तरांच्या पत्नीचा, खोकला ऐकू आला. त्यांना खोकला नव्हता.

अशात नाताळाच्या आधीचा रविवार आला. साकोलीतल्या ख्रिस्ती घरांची प्रार्थना एका छोट्या हॉलमध्ये होते. प्रार्थना चालवणारे पाळकसाहेब भंडाऱ्याहून येतात, पण नाताळात त्यांच्यामागे गावं फार. म्हणून त्या रविवारचं प्रवचन मास्तरांकडे दिलं होतं. विषय पाळकांनीच नेमला होता : येशूला ‘शब्द’ का म्हणतात. सगळ्याच्या आधी शब्द होता, तो देवाजवळ होता, तो देवच होता, आणि मग तो शब्द माणूस होऊन आपल्यात राहिला, असं शास्त्र, म्हणजे बायबल, सांगतं. ते लोकांना उलगडून सांगायचं.

मास्तरांनी शनिवारी घरीच तालीम केली. सुलोचनाबाई सुपात तांदूळ घेऊन समोर बसल्या होत्या.

“ग्रीक भाषेत याला लोगोस म्हणतात. लोगोस म्हणजे केवळ उच्चार नव्हे. बुद्धी, तत्त्व, सृष्टीचा आधार...”

“अवं,” सुलोचनाबाई म्हणाल्या, “मांगच्या खेपेले शकुनबाई ग्रीकमधीच झोपल्या होत्या. घोरत होत्या. थोडं खालून सांगा ना.”

“खालून म्हणजे?”

“म्हणजे गावातला दृष्टांत द्या. धानाचा द्या. नाहीतर लग्नाचा.”

मास्तर विचारात पडले. मग त्यांचे डोळे चमकले. “लग्नाचा!” म्हणत ते लिहायला बसले. सुलोचनाबाई तांदूळ पाखडत राहिल्या. त्या नवऱ्याला सल्ला क्वचितच देत, पण दिला की फुकट जाऊ देत नसत.

रविवारी हॉल भरला होता. हिरालालही मागच्या खुर्चीवर येऊन बसला होता. मास्तर उभे राहिले, आणि खरं सांगायचं तर फार चांगलं बोलले.

“देवाला सांगायचं होतं, की तुम्ही माझे आहात. तर त्यानं आधी काय केलं? निरोपे पाठवले. एक पाठवला, त्याचं ऐकलं नाही, दुसरा पाठवला. निरोपे चांगले होते, भाषा शुद्ध होती. लोकांनी ऐकून घेतलं आणि आपापल्या कामाला गेले. दोष निरोप्याचा नाही. निरोप्याकडून बातमी कळते, माणूस हाती लागत नाही. पाठवणारा एकीकडे आणि त्याचं बोलणं दुसरीकडे, यांच्या मधे जी जागा उरते ना, त्या जागेत सगळी भांडणं वस्तीला येतात. म्हणून देवानं ती जागाच ठेवली नाही. येशूला शब्द म्हणायचं ते यासाठी. तो देवाचा निरोप घेऊन आलेला माणूस नव्हे. निरोपही तोच आणि पाठवणाराही त्याच्यात. देवाच्या मनात जे होतं ते हातापायानिशी दारात आलं. लोकांबरोबर जेवलं, चाललं, थकलं. नुसतं ऐकायचा शब्द नव्हता तो, त्याच्या ताटाशी ताट लावता येत होतं!”

शकुनबाई जाग्या होत्या. मास्तरांना हुरूप चढला.

“आता तुम्ही सांगा. घरी लग्न आहे. सख्ख्या माणसाला बोलवायचं आहे. तुम्ही काय कराल? पत्रिका पाठवाल?”

बंद पंख्याकडे लोक फार लक्षपूर्वक पाहू लागले. प्रवचनातल्या प्रश्नाला उत्तर द्यायचं नसतं, हे पहिल्या रांगेतल्या शकुनबाईंना या वयात कोण सांगणार?

“तुमी तं पाठवली ना, मास्तर,” त्या म्हणाल्या.

“आवाज भरून बी पाठवला,” मागून हिरालालच्या तोंडून निसटलं.

मग जे हसू फुटलं ते आवरेना. पदर तोंडात गेले, रुमाल निघाले. मास्तरांच्या हातात अजून दोन पानं होती. ती त्यांनी घडी करून खिशात घातली आणि म्हणाले, “प्रार्थना करू या.” ती प्रार्थना इतकी आटोपशीर झाली की अर्ध्या लोकांचे डोळे मिटायचेच राहिले.

घरी आल्यावर मास्तर टोपी न काढताच बसले.

“मले हसले,” ते म्हणाले. भाषा घसरली की मास्तर दुखावलेत असं समजावं.

“दृष्टांत समजला म्हणून हसले,” सुलोचनाबाई म्हणाल्या. “ग्रीकले कोणी हासलं होतं काय?”

तृप्ती दारात उभी होती. “बाबा, एक विचारू? देवाले तिथून उठून याले जड नसन गेलं?”

“गेलं असन.”

तृप्ती तशीच आत गेली. मास्तरांना पुढचा प्रश्न आला असता तर बरं वाटलं असतं. त्याला उत्तर तरी देता आलं असतं.

सोमवारी सकाळी मास्तर कोट घालून स्टँडवर उभे होते. बसमध्ये त्यांनी मनातल्या मनात भाषण जुळवलं. थोरल्या बहिणीला ते बाई म्हणत; सुरुवात ‘आदरणीय बाई’ अशी करावी की ‘प्रिय बाई’, यात मुंडीपारचा थांबा मागे गेला. लाखनीला उतरून गल्लीच्या तोंडाशी आले तेव्हा ध्यानात आलं, की बहिणीसाठी काढलेलं लुगडं आणि पेढ्यांचा डबा असलेली पिशवी घरी पलंगावरच राहिली. हात मोकळे. परत फिरावं असंही वाटून गेलं. पण लाखनीच्या गल्लीत परत फिरणारा माणूस दिसल्याशिवाय राहत नाही.

गोदावरीबाई अंगणात बाजेवर बसून वालाच्या शेंगा सोलत होत्या. त्यांनी भावाकडे पाहिलं आणि घरात हाक दिली, “चंदा, पाहाय वो, पोस्टमन आला वाटते.”

मास्तर फाटकाशीच थांबले. शास्त्रात पुढे असंही आहे, की तो आपल्याच माणसांत आला आणि आपल्याच माणसांनी त्याला घरात घेतलं नाही. प्रवचनात ही ओळ त्यांनी वेळेअभावी गाळली होती.

“बाई, मी...”

“कोणाची पत्रिका आणली?”

“पत्रिका नाही आणली.”

“लुगडं?”

“घरी राहिलं.”

“मंग काय आणलं?”

मास्तरांनी स्वतःच्या दोन्ही हातांकडे पाहिलं. जुळवलेल्या भाषणातलं एक अक्षर आठवेना. “काही नाही. मी आलो,” ते म्हणाले.

गोदावरीबाईंनी शेंगांची टोपली बाजेच्या एका कडेला सरकवली. जागा झाली. मास्तर बसले, आणि रिकामे बसता येईना म्हणून शेंगा सोलू लागले.

“बाराची गाडी आहे,” थोड्या वेळानं ते म्हणाले.

“गाडीच पकडायची होती तं पत्रिका बरी होती,” गोदावरीबाई म्हणाल्या. “ती तरी घरात राहिली.”

बाराची गाडी गेली. मग दुपारची गेली.

“इतके वर्षं काहून नाही आला?” गोदावरीबाईंनी शेंगांकडे पाहत विचारलं.

“तू माह्या प्रार्थनेत आमेन म्हटलं.”

“मटण निवत होतं.”

“मी देशासाठी मागून राहिलो होतो, बाई.”

“देश दम धरते रे. पाहुणे नाही धरत.” त्या हसल्या नाहीत, पण शेंगेतला दाणा निसटून अंगणात गेला. “हिरालाल म्हणाला, तृप्ती पाटावर नाही म्हणते?”

“नाही म्हणते.” मास्तरांनी हातातली शेंग खाली ठेवली. “अन् ते ऱ्हाऊ दे. ती बसली तरी, तू नसली तं मले त्या मांडवात उभं राहता नाही येणार. माय गेल्यापासून घरात मोठं तूच आहेस.”

“हे नाही लिहिलं कोणत्या चिठ्ठीत.”

“लिहून पाहिलं. लिहिता नाही आलं.”

गोदावरीबाई उठल्या, पदरातली टरफलं झटकली आणि आत गेल्या. मास्तरांना वाटलं, ताट वाढायला गेल्या. ताट आलंच, त्यांनी दोनदा भात घेतला. पण हात धुऊन बाहेर आले तर दाराशी एक गाठोडं आणि दोन पिशव्या.

“लग्नाले अजून आठवडा आहे, बाई,” मास्तर घाबरून म्हणाले.

“मले न्यायले आला ना? मंग नेऊन दाखव. चंदा आहे घर पाहायले.”

साकोलीच्या बसमध्ये खिडकी गोदावरीबाईंनी घेतली. गाठोडं मास्तरांच्या मांडीवर. वाटेत त्यांनी बहिणीला ते प्रवचन सांगायला सुरुवात केली होती, पण समोरच्या ट्रकनं इतका हॉर्न दिला की मुद्दा राहून गेला, आणि पुन्हा सुरू करावासा त्यांना वाटला नाही.

घरी तृप्ती आत्याच्या गळ्यात पडली. मग मागे सरून डोळे पुसत म्हणाली, “आत्या, तू तं कोणत्या निरोपाले मानत नव्हती. आता कोणाचा निरोप आला?”

“कोणाचा नाही. तुहा बाप आला होता. दोनदा भात खाल्ला त्यानं.” गोदावरीबाईंनी चपला काढून आत पाऊल टाकलं. “सुलोचना, त्या पिशवीत लाखोळीची डाळ आहे, काढ अगोदर. अन् हळदीचा पाट दाखव मले. डुगडुगत असन तं आत्ताच सांग, सुतार बोलावू.”