भार स्थिर

साहेबांनी अहवाल पुढे सरकवला आणि पेनाचं टोपण स्वतःच काढून दिलं. "काका, सही करून टाका. दुपारी डेटा सेंटरची माणसं येताहेत."

ऑफिसात सगळेच त्याला काका म्हणत. नवं डेटा सेंटर विजेच्या ग्रिडला जोडलं तर ग्रिड तग धरेल की कोलमडेल, हे आधी कॉम्प्युटरवर करून बघायचं, हे त्याचं काम. त्याच्या सहीशिवाय जोडणी होत नसे. अहवालात छापलं होतं : भार स्थिर.

"हे मी लिहिलेलं नाही."

"मी लिहिलं. रात्रंदिवस एकसारखी वीज खातात ते. मग स्थिरच की!"

"आणि लाइनवर वीज कोसळून विजेचा दाब क्षणभर पडला तर? त्यांची यंत्रं एका झटक्यात स्वतःच्या बॅटरीवर उडी मारणार. अख्ख्या शहराएवढी वीज, आणि घेणारा कोणी नाही! वीजकेंद्रं धडाधड बंद पडतील. दाब किती पडला की उडी मारता, एवढंच विचारतोय त्यांना कधीपासून. म्हणे गुपित आहे!"

"काकू गेल्यापासून तुम्ही फार चिडता हो."

त्याच्या डोक्यात तिडीक गेली. दवाखान्यातल्या डॉक्टरनेही 'स्थिर' हाच शब्द तोंडावर फेकला होता. खोलीत न डोकावता, मोबाइलवरची नजर न काढता. "पेशंट स्थिर आहे. घरी जाऊन आंघोळ करून या." तो तिचा धुतलेला गाऊन घेऊन परत आला, तेव्हा पलंगावरची चादर बदलून झाली होती.

"तिला मध्ये आणू नका. फोन लावा डेटा सेंटरला."

"आत्ता?"

"नाहीतर दुपारी बोलतो. चारचौघांत."

साहेबांनी कपाळाला आठ्या घालत फोन लावला आणि त्याच्या हातात दिला. पलीकडचा आवाज गोड होता. "अहो, आमचा भार अगदी स्थिर असतो. निश्चिंत राहा."

"कशावरून?"

"म्हणजे... सगळे तसंच लिहितात ना."

"यंत्रांच्या खोलीत जाऊन पाहिलंत?"

"तशी कधी वेळच आली नाही."

"मग जा. दाब किती पडला की बॅटरीवर जायचं, तो आकडा बॅटरीच्या यंत्राच्या पडद्यावर असतो. वाचून सांगा."

"आत्ता जेवायची वेळ झालीये हो..."

त्याने 'स्थिर'वर काट मारली, पेनाला टोपण लावलं आणि पेन साहेबांसमोर ठेवलं.

"जा तुम्ही," तो फोनमध्ये म्हणाला. "मी फोन धरून आहे."