बोटभर उघडं दार

मी बोलतेय ती काचेच्या कपाटातल्या मधल्या फळीवरून. वीतभर उंची, निळा झगा, हातात पिवळा कंदील आणि वाऱ्यावर उडणारे केस. आता कपाटात कुठला आलाय वारा? पण माझे केस घडवतानाच उडते घडवलेत, त्याला मी तरी काय करणार! एका अ‍ॅनिमे, म्हणजे जपानी कार्टून मालिकेत धुक्यात चुकलेल्यांना वाट दाखवत फिरणारी एक मुलगी आहे, तिची मी प्रतिकृती. मालिका बघणारे तिला दिवेवाली म्हणतात, म्हणून मीही दिवेवाली.

माझा जन्म साच्यातला. डोकं एका साच्यातून निघालं, झगा दुसऱ्यातून, पाय तिसऱ्यातून. मग मला जोडलं, रंगवलं आणि ठसा मारून डोळे उमटवले. शेवटी एका बाईने मला दिव्याखाली धरलं. डोळे नीट जागेवर बसलेत का, एवढंच ती दिवसभर बघायची. तिने मान डोलावली आणि मी खोक्यात गेले. त्या मान डोलावण्याची किंमत मला फार पुढे कळली.

खोक्याला पुढून खिडकी होती, त्यामुळे दुकानात असताना माझी चांगली करमणूक व्हायची. लहान मुलं खिडकीला नाक चिकटवून बघत. मोठी माणसं "आपल्याला काय करायचंय" असं म्हणत पुढे जात आणि कुणी बघत नाहीसं पाहून परत येत. एक मुलगी मात्र उघडपणे यायची. जवळच्या तलावावर ती लहान मुलांना पोहायला शिकवायची. ओले केस, खांद्यावर टॉवेल, अशी उभी राहायची आणि मला म्हणायची, "थांब हं, पगार होऊ दे." पहिला पगार झाला आणि ती मला घरी घेऊन आली.

घरात तिला भिंगरी म्हणतात, कारण ती एका जागी ठरत नाही. तिच्या बाबांचं चष्म्याचं दुकान आहे. आई हाडांच्या दवाखान्यात मोडलेल्या हातापायांना प्लास्टर घालते. बाबांनी मला हातात घेतलं, नाकावरचा चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, "बापरे, काय हे डोळे! हिला चष्मा लागला तर फ्रेम सुताराकडून करून घ्यावी लागेल."

"बाबा, तुमच्या गिऱ्हाईकांतली नाहीये ती," भिंगरी म्हणाली. तेव्हा सगळेच हसले.

पुढे हसू आटलं. माझ्यामागून तलवारवाला आला, दोन शेपट्यांची मांजर आली, शाळेच्या गणवेशातल्या जुळ्या बहिणी आल्या. टेबल भरलं, खिडकी भरली, मग जमिनीवरही रांगा लागल्या. भिंगरी एकेकाची माहिती काढून, मन लावून जमवत होती. बाबांना दिसत होत्या त्या नुसत्या भावल्या. एकदा दुकानातून वैतागून आले आणि माझ्या शेजाऱ्यांवर त्यांचा पाय पडता पडता राहिला. झालं! "घरात माणसांना पाय ठेवायला जागा नाही, आणि ह्या भावल्या पसरल्यात! एक दिवस उचलून भंगारात घालतो की नाही बघ!"

भिंगरी भांडली नाही. ती भांडली असती तर बरं झालं असतं. तिने हे काचेचं कपाट आणलं, आम्हाला आत ठेवलं, कुलूप लावलं आणि किल्ली गळ्यातल्या साखळीत अडकवली. त्या दिवसापासून घरात आमचा विषय निघेनासा झाला.

मग भिंगरीला परगावी जायचं ठरलं. लिफ्ट दुरुस्त करायचं शिक्षण घ्यायला. सामान बांधून झालं, तरी आमचं काय करायचं ते ठरेना. मैत्रिणीच्या घरी जागा नव्हती. निघायच्या सकाळी तिने गळ्यातली किल्ली काढली आणि बाबांच्या हातावर ठेवली.

"बाबा, तुमच्या भरवशावर ठेवून चाललेय."

बाबांनी किल्लीवर मूठ घट्ट मिटली. मग सूचना सुरू झाल्या. उन्हात ठेवायचं नाही. धूळ मऊ ब्रशने काढायची. नकली प्रतिकृती या कपाटात येता कामा नये. आणि कपाटाचं दार अधूनमधून उघडं ठेवायचं. खाली गाडीवाला हॉर्न वाजवत होता, तरी जिन्यातून तिच्या सूचना येतच होत्या.

बाबांनी सगळं ऐकलं. पण शेवटची सूचना काही त्यांच्या पचनी पडली नाही. ज्या माणसाचा जन्म काचेवरची धूळ पुसण्यात गेला, त्याला दार उघडं ठेवा म्हटलं तर कसं पटावं?

ते आमचं करायचे मात्र मनापासून, हे सांगायलाच हवं. दुकानातला दाबून हवा मारायचा रबरी फुगा आणला, त्याने केसांच्या बटांमधली धूळ उडवली. आईचा पापण्यांचा ब्रश आमच्या वाट्याला आला. मी कोण ते कळावं म्हणून बाबा रोज जेवणानंतर फोनवर माझी मालिका बघू लागले. एकदा तर डोळे पुसत आईला म्हणाले, "अगं, हिला स्वतःचंच घर सापडत नाही गं."

"आणि तुम्ही तिला भंगारात घालणार होतात," आई म्हणाली. बाबांनी पुढचा भाग लावला.

प्रेम उतू जायला लागलं की माणसाचं डोकं चालेनासं होतं, हे मी जवळून पाहिलंय. उन्हाळ्याच्या तोंडाशी बाबांनी आम्हा एकेकाला पारदर्शक प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलं, कपाटाच्या फटींना चिकटपट्टी लावली आणि हात झटकले. "आता धुळीची काय बिशाद!"

धूळ आली नाही, खरंच. हवाही आली नाही. आत उकाडा साचत गेला. माझ्या अंगाला काहीतरी तेलकट सुटू लागलं आणि बाहेर पडायला वाट नसल्यामुळे अंगावरच बसलं. उजवा घोटा मऊ पडत चालला. मी हळूहळू मांजरीकडे कलू लागले. ओरडायला तोंड आहे, पण ते मिटलेलंच घडवलंय.

भिंगरीने सुट्टीला येणार म्हणून कळवलं आणि आदल्या दिवशी सकाळी बाबांनी शीळ घालत चिकटपट्टी काढली. माझं प्लॅस्टिक सोडलं आणि शीळ थांबली. त्यांचं बोट माझ्या झग्याला चिकटलं होतं. सोडलं तर मी उभी राहीना. बाकीच्यांची अंगंही ओशट झाली होती, पण माझी दशा सगळ्यांत वाईट.

"अहो, एवढं काय झालं?" आई आतून आली.

"तिला वाटेल मी मुद्दाम केलं," बाबा म्हणाले. आवाज अगदी बारीक. "भंगारात घालतो म्हणालो होतो ना मी. तिच्या लक्षात असणार. एवढ्या विश्वासाने किल्ली दिली तिने, आणि मी हे करून ठेवलं."

बाबांनी चष्म्याच्या काचा पुसायचं स्पिरिट काढलं. फडकं भिजवलं, माझ्या चेहऱ्याजवळ आणलं. पण बाबांची दुकानातली एक सवय आड आली. नवीन काच असली की औषध आधी कडेला लावून बघायचं, मग मध्ये. त्यांनी मला उलटं केलं आणि टाचेखाली फडकं टेकवलं. बुटाचा तपकिरी रंग सरळ फडक्यावर आला. बाबांनी बाटलीचं बूच असं काही घट्ट लावलं की ती बाटली पुन्हा उघडायला पकड लागली असेल.

"तिला फोन करा," आई म्हणाली.

"नको नको. मी आलोच." चपला पायात अडकवून ते बाहेर पडले. दुपारी परतले ते हातात खोकं घेऊन. दुसरी दिवेवाली! विकणाऱ्याने सांगितलं होतं, अगदी तश्शीच. हिला माझ्या जागी ठेवायची आणि चकार शब्द काढायचा नाही, असा बेत होता.

खोक्यातून ती निघाली. झगा निळाच, पण जरा जांभळट. कंदील हळदीसारखा. बाबांनी तिला दिव्याखाली धरलं आणि कपाळाला हात लावला.

"अगं, ही चकणी आहे!"

खरंच होती. एक डोळा माझ्याकडे, दुसरा पंख्याकडे. ती जिथे घडली, तिथे तिला दिव्याखाली धरून बघणारं कुणी भेटलंच नव्हतं. आई हसू दाबायला गेली आणि तिला ठसका लागला. बाबा मात्र आम्हा दोघींना समोर ठेवून बसून राहिले. एक वाकडी झालेली, एक वाकडं बघणारी. मग म्हणाले, "आयुष्यभर लोकांचे डोळे तपासले आणि पोरीच्या डोळ्यांत धूळ फेकायला निघालो होतो. फोन दे."

फोन स्पीकरवर होता. बाबांनी सगळं सांगितलं. प्लॅस्टिक, चिकटपट्टी, स्पिरिट, नकली दिवेवाली, एकही गोष्ट लपवली नाही. बाबांच्या कपाळावर घाम.

"बाबा, चिकट लागतेय का? आणि तेलकट वास?"

"हो गं. मी मुद्दाम नाही केलं, भिंगरी."

"अहो, मुद्दाम कशाला कराल तुम्ही! होतं असं. प्लॅस्टिक मऊ राहावं म्हणून त्यात एक तेलकट पदार्थ घालतात. हवा नाही मिळाली की तो बाहेर येतो. माझ्या हातूनही झालंय, मांजरीच्या बाबतीत. कोमट पाणी घ्या, भांडी घासायच्या साबणाचे थेंब टाका आणि आंघोळ घाला तिला."

"बस? एवढंच?"

"एवढंच! रडताय का तुम्ही?"

"छे, साबण गेला डोळ्यात," बाबा म्हणाले. साबण अजून ओट्यावरच होता.

जीव भांड्यात पडला असं माणसं म्हणतात. मी तर अख्खीच भांड्यात पडले. काय सांगू, किती बरं वाटलं! उन्हाळाभराचा चिकटा मऊ ब्रशने सुटत गेला आणि माझा निळा रंग मलाच पुन्हा दिसू लागला. घोट्यासाठी गरम पाणी आलं. तिथे बाबांचं काही चालेना.

"व्हा बाजूला, हे माझं काम," आई म्हणाली. तिने घोटा गरम पाण्यात धरला, हलक्या हाताने सरळ केला आणि तसाच गार पाण्यात बुडवला. "हलायचं नाही हं," असंही सवयीने म्हणाली. मी कुठली हलतेय! उभं करून बघितलं तर ताठ. मग बाकीच्यांच्या आंघोळी निघाल्या. संध्याकाळी आम्ही सगळे टॉवेलवर ओळीने हवा खात होतो आणि बाबा गुणगुणत चहा करत होते.

दुसऱ्या दिवशी भिंगरी आली. बॅग दारातच टाकून कपाटाशी गेली. मला उचललं, हुंगलं, गालावर बोट फिरवलं. बाबा श्वास रोखून उभे.

"नव्यासारखी झालीये," ती म्हणाली आणि बाबांनी श्वास सोडला. "आता ती दुसरी दाखवा."

"अगं, ती नकली. तुझा नियम आहे ना. मी दुकानात ठेवलीय तिला."

"खिशात आहे तुमच्या," आई म्हणाली.

बाबांनी ओशाळून खिशातून चष्म्याची डबी काढली. डबीत ती चकणी झोपली होती आणि तिच्या नाकावर चष्मा होता. बारीक तारेची फ्रेम, खऱ्या भिंगाच्या तुकड्यांतून घासून काढलेल्या काचा. सकाळपासून दुकान अर्धं बंद ठेवून बाबांनी तो केला होता.

"परत करायला निघालो होतो," बाबा म्हणाले, "पण म्हटलं, अशा डोळ्यांनी हिला कोण घरात घेणार?"

भिंगरीने तिला उजेडात धरलं. बराच वेळ बघत राहिली. चष्म्यातून तिचे डोळे खरंच बरे दिसत होते. मग भिंगरीने कपाट उघडलं, मला जराशी सरकवलं आणि तिला माझ्या शेजारी उभं केलं.

"नकली चालत नाही ना?" बाबांनी विचारलं.

"ही नकली कुठेय? ही तुमची आहे," भिंगरी म्हणाली. "तुमच्या संग्रहातली पहिली."

आता मी सुखात आहे. बाबांनी चष्म्याची नाकावर टेकते ती मऊ गादी कपाटाच्या चौकटीला चिकटवली आहे. त्यामुळे दार पूर्ण लागतच नाही, बोटभर उघडं राहतं. थोडी धूळ येते, पण ती रविवारी पुसली जाते. शेजारीण अजून पंख्याकडेच बघते, पण स्वभावाने गोड आहे. तुमच्याकडेही माझ्यासारखं कुणी असेल, तर एवढंच मागणं आहे. जपा, पण गुंडाळून ठेवू नका. कधीतरी हातात घ्या, वारा लागू द्या.

सुट्टी संपून भिंगरी परत निघाली, तेव्हा गाडीवाल्याने हॉर्न वाजवला नाही, कारण त्याला थांबावंच लागलं नाही. तिने एकही सूचना दिली नाही. "येते बाबा" म्हणाली आणि भराभर जिना उतरली. आमच्याकडे वळून पाहिलंसुद्धा नाही आणि मला त्याचं जराही वाईट वाटलं नाही. कपाटाची किल्ली कुठे आहे, ते आता घरात कुणालाच ठाऊक नाही. कुणी शोधतही नाही.